द. सा. द. शे. वीस

पूल बांधून झाला की त्याचा खर्च थांबतो, असं मानणारी भाबडी मंडळी आपल्यात अजून आहेत. त्यांना एकदा नोएडाला न्यायला हवं. दिल्लीहून यमुना ओलांडून नोएडात उतरणारा डीएनडी नावाचा आठपदरी मार्ग 2001 साली सुरू झाला. बांधायला सुमारे 408 कोटी लागले. सिमेंट वाळलं, गाड्या धावू लागल्या, आणि त्यानंतर त्याचा खर्च वाढू लागला. आपल्या घाटकोपर-वर्सोवा मेट्रोचा खर्च कंपनीच्या हिशेबात 2356 कोटींवरून 4321 कोटींवर गेला, पण तो बिचारा निदान बांधकाम चालू असताना वाढला. काम संपल्यावर खर्च वाढवणं ही पुढची इयत्ता.

ही किमया पूल बांधणाऱ्या कंपनीशी झालेल्या 1997 च्या करारात होती. कंपनीला एकूण प्रकल्पखर्चावर दर साल दर शेकडा 20 परतावा मिळालाच पाहिजे. एखाद्या वर्षी टोलमधून तेवढा निघाला नाही, तर राहिलेली रक्कम खर्चात मिळवायची आणि पुढच्या वर्षीचे 20 टक्के त्या फुगलेल्या खर्चावर मोजायचे. समजा, खर्च शंभर रुपये आणि वर्षाची निव्वळ मिळकत पाच. पंधरा येणे राहिले, म्हणून खर्च 115. आता हक्क 23 चा. पुन्हा पाचच आले, तर खर्च 133. मुदत 30 वर्षांची. तोवर वसुली पुरी झाली नाही, तर दोन-दोन वर्षांनी वाढवत न्यायची. पूल नदीच्या दोन्ही काठांना नीट टेकलेला आहे, पण कराराला पलीकडचा काठच नव्हता. आणि हे काम देताना निविदा मागवण्याची तसदीही कुणी घेतली नव्हती.

आमच्या भाच्याला वडापावची गाडी टाकायची आहे. भांडवल मागायला आला, तेव्हा मी त्याला हे कलम समजावून सांगितलं. पोरगं बारावीत गणितात दोनदा अडकलेलं, पण इथे झटक्यात शिरलं.

"म्हणजे मामा, वडे खपले नाहीत, तर राहिलेला नफा गाडीच्या किमतीत धरायचा?"

"धरायचा."

"आणि तो पुढच्या गिऱ्हाइकांकडून वसूल करायचा? तीस वर्षांत झाला नाही, तर आणखी दोन वर्षं?"

"आणखी दोन वर्षं. मग आणखी दोन."

थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मग तेल कशाला तापवायचं?"

अर्थशास्त्रातल्या मोठमोठ्या सल्लागारांना हा प्रश्न पडला नाही, असं मी म्हणणार नाही. पडला असणार. पण अशा करारांची वर्णनं नेहमी एका वाक्याने सुरू होतात : सरकारकडे पैसा नाही, खासगी क्षेत्राकडे कार्यक्षमता आहे, आणि जोखीम दोघांनी वाटून घ्यायची. वाटणी झालीही. सरकारने सही केली, कंपनीने परतावा घेतला, आणि जोखीम सकाळी साडेआठला कामावर निघालेल्या स्कूटरवाल्याच्या डिकीत ठेवली. आपल्याकडे दाभोळला एन्रॉनच्या वीजप्रकल्पाच्या बाबतीत तर वीज घ्या न घ्या, ठरलेला आकार द्याच, असं होतं. तिथे तेल तापवायचीही गरज नव्हती.

नोएडाकर रहिवाशांचा महासंघ 2012 मध्ये कोर्टाची पायरी चढला. 26 ऑक्टोबर 2016 रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने टोल बंद केला आणि डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. मधल्या काळात कॅगने हिशेब तपासले. तोवर कंपनीची कर्जं फिटली होती, भागधारकांना लाभांशही वाटून झाला होता. फिटला नव्हता तो फक्त पूल, तोही त्या सूत्राच्या कागदावर. टोल बंद झाल्यावरही आठ वर्षं सर्वोच्च न्यायालयात या कागदावर वाद चालला, यावरून तो किती काळजीपूर्वक लिहिला होता ते दिसतं. लिहिणाऱ्यांचा कुणीतरी सत्कार करायला हवा.

महाराष्ट्रात आपण कोर्टापेक्षा मुहूर्तावर जास्त विसंबतो. मुंबईच्या पाच नाक्यांवर हलक्या वाहनांना टोलमाफी मिळाली ती 14 ऑक्टोबर 2024 च्या मध्यरात्री. विधानसभा निवडणूक जाहीर झाली 15 ऑक्टोबरला. पंचांगात याला काय म्हणतात कोण जाणे.

कोल्हापूरचा खाक्या वेगळा. शहरातल्याच रस्त्यांवर तीस वर्षांचा टोल लागणार म्हटल्यावर एन. डी. पाटलांसारखे म्हातारे नेते रस्त्यावर उतरले, "टोल देणार नाही" हे तीन शब्दांतलं अर्थशास्त्र गल्लीगल्लीत पोचलं, आणि जानेवारी 2014 मध्ये नाके पेटले. शेवटी सरकारने टोल रद्द केला. पंचगंगेच्या काठी गुलाल उडाला असेल, तर तो रास्तच होता. रस्ते बांधणाऱ्या कंपनीची भरपाई मात्र सरकारने द्यायची ठरली. म्हणजे गडचिरोलीतल्या ज्या माणसाने कोल्हापूरचा रंकाळा तलाव जन्मात पाहिला नाही, ज्याच्या दारात सायकलसुद्धा नाही, तोही तिथल्या रस्त्यांत भागीदार झाला. त्याच्या लाभांशाचं पत्र कोणत्या पत्त्यावर धाडायचं, एवढंच ठरायचं राहिलंय.