चिमणीसह टू बीएचके

लालबागमध्ये फ्लॅट घ्यावा की नाही, यावर आमच्या डोंबिवलीच्या घरात सध्या गोलमेज परिषद चालू आहे. टेबल चौकोनी आहे आणि जागेअभावी भिंतीला टेकवलेलं आहे, त्यामुळे चौथा पक्ष कायम गैरहजर. उरलेल्या तिघांत सौ. 'घेऊ या' म्हणते, चिरंजीव 'जिम आहे का' म्हणतात आणि मी कॅलक्युलेटर शोधतो.

सॅम्पल फ्लॅट पाहून आलो. नाटकवाल्यांनी तिथे जाऊन नेपथ्य शिकावं. खोल्यांना दारंच नाहीत, म्हणून त्या ऐसपैस वाटतात. कपाट इतकं उथळ, की हँगर आडवा मावत नाही. पलंगावर आडवा झालो तर घोट्यापासून पुढचा मी हवेत. हॉलच्या एका अख्ख्या भिंतीला आरसा. सौ.ने विक्री अधिकाऱ्याला सरळ विचारलं, "आरशातली खोली पण आपल्यालाच ना?"

खिडकीतून गिरणीची चिमणी दिसते. माहितीपत्रकात तिला 'हेरिटेज व्ह्यू' म्हटलंय आणि तिचे प्रति चौरस फूट वेगळे पैसे आहेत. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेला, अडीच लाखांच्या घरात कामगार असलेला तो संप रीतसर मागे घेतल्याचं कुणाला आठवत नाही. म्हणजे नियमाने पाहिलं तर कामगार अजून संपावरच आहेत आणि त्यांच्या खात्याच्या जागी आम्ही जकूझीत बसणार.

1991 च्या नियमाप्रमाणे गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे व्हायचे होते: मोकळ्या जागांसाठी पालिकेला, घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला मालकाला. 2001 मध्ये शासनाच्या लक्षात आलं, की वाटे फक्त मोकळ्या जमिनीचेच करायचे असतात. गिरणीत सगळीकडे शेड, मोकळी जमीन असणार कितीशी! 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे मान्य केलं. कामगारांच्या वारसांना आता शेलू-वांगणीकडे घरं देऊ केली आहेत. तिथली हवा चांगली असते म्हणे.

आता खर्च. किंमत 4 कोटी धरा. बांधकाम चालू आहे म्हणून जीएसटी 5 टक्के, म्हणजे 20 लाख. मुद्रांक शुल्क 6 टक्के, म्हणजे 24 लाख; पण फ्लॅट एकट्या सौ.च्या नावावर केला तर 5 टक्के. म्हणजे मी कागदाबाहेर राहिल्याने घराचे 4 लाख वाचतात. लग्नाच्या इतक्या वर्षांत माझी किंमत शासनाने प्रथमच ठरवली. 3 कोटी 20 लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांसाठी काढलं, तर हप्ता पावणेतीन लाखांच्या वर. माझ्या पगारात हा हप्ता बसत नाही, पण हप्त्यात माझा पगार आरामात बसतो. बँकेतला मुलगा म्हणाला, "काका, मुलाला को-अप्लिकंट करा ना." चिरंजीव अकरावीत आहेत.

खरी भुरळ मात्र संस्कृतीची. माहितीपत्रकाची दोन पानं तिलाच दिली आहेत: 1934 पासूनचा राजा, भारतमाता टॉकीज, चिवडा गल्ली, मसाल्याच्या गिरण्या. मी म्हटलं, मिरची कांडायला लागले की अख्खी गल्ली शिंकते. "38 व्या मजल्यावर वास येत नाही सर," विक्री अधिकारी म्हणाला. आणि ढोल? "दुहेरी काच आहे सर." आणि मूळ भाडेकरू? "त्यांची रिहॅब विंग वेगळी, गेट मागच्या गल्लीत, लिफ्टही वेगळी. तुमची गाठ पडणारच नाही." थोडक्यात, संस्कृती नीट दिसेल अशी सोय आहे, ती लागणार नाही याचीही.

मग त्याने आवाज खाली आणला. "फॅमिली प्युअर व्हेज ना सर? नाही, तसा रूल नाही. फक्त क्राउड तसा आहे." ज्या वस्तीत खाणावळवाल्या बायकांनी कोकणातल्या आणि घाटावरच्या गिरणीकामगारांच्या पिढ्या जेवू घातल्या, तिथे घर घ्यायला आता माझी सुकटीपासून मुक्तता झाल्याचा दाखला लागणार. सौ. म्हणाली, "आम्ही विचार करून कळवतो." तो म्हणाला, "पाडव्यापर्यंतच हा भाव आहे मॅडम."

विचार चालूच होता. तेवढ्यात परवा एजंटाने आमची डोंबिवलीची जागा दाखवायला एक जोडपं आणलं. काळाचौकीचं. चाळीच्या जागी टॉवर झाला, यांना चौदाव्या मजल्यावर फुकट घर मिळालं आणि त्याचा मेंटेनन्स पेन्शनीत मावेना, म्हणून विकून निघालेत. सौ. त्या वेळी बोंबील तळत होती. आजोबा पॅसेजमध्येच थांबले, खोल्या बघायला पुढे आलेच नाहीत. "इथं क्राउड कसा आहे?" त्यांनी विचारलं. मी नुसतं स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं.

त्यांनी अकरा हजारांचं टोकन तिथल्या तिथे टेबलावर ठेवलं. दोन महिन्यांत जागा रिकामी करून द्यायची आहे.