पानात काही टाकायचं नाही

‘बोन्स अँड ऑल’ हा सिनेमा अमेरिकेत सगळीकडे लागला तो २०२२ सालच्या २३ नोव्हेंबरला. दुसऱ्या दिवशी थँक्सगिव्हिंग. अख्खा देश टर्की भट्टीत सारून तिच्या तंगडीवर हक्क कुणाचा यावर भांडत असताना कुणाला तरी वाटलं, की माणसं खाणाऱ्या दोन पोरांची प्रेमकथा आणायला हाच मुहूर्त बरा. मुहूर्त कुणी काढला कोण जाणे, पण आमच्या फ्रिजवरच्या कालनिर्णयाचंही त्याला अनुमोदन होतं. त्या दिवशी बुधवार, म्हणजे आमच्या कोल्हापुरात खाण्याचा वार. वर अमावस्या. दुसऱ्या दिवशी मार्गशीर्ष लागत होता, तोही थेट गुरुवारी. पुढे महिनाभर सामिष बंद, तेव्हा जे काय हादडायचं ते आजच! नरभक्षकांना याहून सोयीची तिथी पंचांगात सापडली नसती.

कालनिर्णय आईनं आणलेलं. सहा महिन्यांच्या मुक्कामाला ती सिनसिनाटीला आमच्याकडे आली होती आणि थंडी सुरू झाल्यापासून घरात अडकली होती. सिनेमाला निघताना मी तिला सगळं स्वच्छ सांगितलं.

“आई, त्यात माणसं खातात.”

“खाऊ देत की. मी काय घरात बसून भिंती बघू?”

“कच्ची खातात.”

यावर मात्र ती थबकली. “कच्ची? मग चवीला काय राहतंय?” असं म्हणून तिनं शाल घेतली. अमावस्येला तिन्हीसांजेनंतर बाहेर पडायचं नाही म्हणून दुपारचा खेळ ठरला.

आमच्या भागात या सिनेमाची चर्चा व्हायला वेगळंच कारण होतं. लुका ग्वादान्यिनो हा इटालियन दिग्दर्शक, आणि अमेरिकेत घडणारा हा त्याचा पहिला सिनेमा. २०२१च्या उन्हाळ्यात त्यानं बरंचसं चित्रीकरण सिनसिनाटी आणि आसपास केलं. सप्टेंबरात व्हेनिसच्या महोत्सवात तो दाखवला तेव्हा प्रेक्षक उभे राहून आठ मिनिटांच्या वर टाळ्या वाजवत होते म्हणे. दिग्दर्शकाला रौप्य सिंह मिळाला, नायिका टेलर रसेलला नवोदित कलाकारासाठीचा मार्चेल्लो मास्त्रोयान्नी पुरस्कार. नायक टिमथी शॅलमे अख्खी पाठ उघडी टाकणारा लाल पोशाख घालून गेला आणि जगभरच्या वर्तमानपत्रांत नरमांसापेक्षा त्याच्या पाठीला जास्त जागा मिळाली.

आमच्या थिएटरात एवढी रसिकता नव्हती. शेजारच्या पडद्यावर ‘ब्लॅक पँथर’चा दुसरा भाग, तिकडे लहान पोरं, मोठी पोरं, पॉपकॉर्नच्या बादल्या. आमच्याकडे जेमतेम तिसरा हिस्सा भरलेला. पुढे शॅलमेसाठी आलेल्या कॉलेजच्या मुली. मधे काळ्या टीशर्टांचा कंपू, भयपट म्हटला की पहिल्या दिवशी हजर राहणारा. आमच्या बाजूला एक वयस्कर जोडपं, ते फक्त आपलं गाव पडद्यावर बघायला आलेलं. त्यातल्या आजोबांनी पहिल्या अर्ध्या तासातच एक रस्ता ओळखला आणि “इथंच तर आपण पंक्चर झालो होतो,” असं बायकोला मोठ्यानं सांगितलं. सिनेमात तो रस्ता मेरीलँडमधला होता की इंडियानातला, हा प्रश्न त्यांच्यालेखी गौण होता.

गोष्ट अशी. काळ ऐंशीच्या दशकातला. मॅरेन नावाची एक अबोल मुलगी बापाबरोबर राहते. एका रात्री चोरून मैत्रिणीकडे मुक्कामाला जाते. दोघी काचेच्या टेबलाखाली आडव्या पडल्यात, मैत्रीण नेलपॉलिश दाखवायला हात पुढे करते. मॅरेन ते बोट हळूच ओठांत घेते. पुढच्या मुलींनी “ऑऽऽ” केलं, कारण त्यांना वाटलं प्रेम जमलं. आणि मग कडकन आवाज आला.

मुली किंचाळल्या आणि लगेच एकमेकींच्या किंचाळण्याला हसल्या. काळ्या टीशर्टांपैकी एकानं शिट्टी मारली. आजोबांनी मांडीवरचे पॉपकॉर्न बायकोकडे सरकवले. आई माझ्या कानाशी लागून, पण चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाली, “अगं, नेलपॉलिशसकट?”

पुढच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. परदेशात मराठी ही गुप्त भाषा आहे अशा समजुतीत आपण वावरतो. त्या समजुतीचा असा निकाल लागला. आईनं पुढच्या खुर्चीवर कोपर टेकलं.

“कुठला रे तू?”

“सांगली, काकू.”

“सांगलीत कुठं?”

“विश्रामबाग.”

पडद्यावर मॅरेन रक्तानं माखलेली घरी पोचली होती आणि बाप सामान बांधायला धावत होता. इकडे आई त्या पोराच्या आडनावाकडे वळणार, तेवढ्यात मागून जोरात “श्शऽऽ” आलं. मघाशी शिट्टी मारणाराच! माणसाचं बोट तोडलेलं त्याला चालत होतं. थिएटरात बोललेलं चालत नव्हतं. तिथून पुढे मी सिनेमा कमी आणि हॉल जास्त बघितला. माणूस खाण्याला तिथं कुणाचीच हरकत नव्हती. प्रत्येकाला खटकत होतं ते दुसरंच काहीतरी.

बापाचंच घ्या. तो थोडे पैसे, जन्मदाखला आणि सगळी हकिगत सांगणारी कॅसेट ठेवून एक दिवस निघून जातो. सांगलीकर बापाच्या बाजूनं होता, पुढे मला म्हणाला, “ताई, अठरा वर्षं सांभाळलं की त्यानं.” आईचा आक्षेप फक्त कॅसेटला. “तोंडावर सांगायला काय झालं होतं? खाल्लं असतं काय तिनं?” हे म्हणताना त्या प्रश्नाचं उत्तर तिला सुचलं आणि ती गप्प झाली.

मॅरेन आईच्या शोधात बसनं निघते आणि वाटेत तिला ली भेटतो. म्हणजे शॅलमे. काटकुळा, गुडघ्यांवर फाटलेली जीन्स, केसांत लालसर रंगाचे पट्टे. तो ज्याला खातो त्याचीच गाडी घेऊन पुढे जातो. तो रक्तानं न्हालेला उभा राहिला की पुढच्या मुली उसासे टाकायच्या. आजोबा अस्वस्थ व्हायचे, कारण मेलेल्या माणसाचा ट्रक त्याच नंबरप्लेटनं राज्याबाहेर न्यायचा म्हणजे पकडलं जाणारच. आई त्याच्या बरगड्या मोजत म्हणाली, “हा एवढं खातोय, तर अंगाला लागत कसं नाही?”

प्रेमकथेत रक्त चालतं, हे प्रेक्षकांना ‘ट्वायलाइट’नं २००८ सालीच शिकवलं होतं. पण त्यातले व्हॅम्पायर घरंदाज. हरणाबिरणाचं रक्त पिऊन स्वतःला शाकाहारी म्हणवणारे, जसे आमच्याकडे काहीजण फक्त रस्सा घेतात आणि पीस बाजूला काढतात. शिवाय व्हॅम्पायरला सुळे असतात, झगा असतो, वाडा असतो. मॅरेन आणि लीकडे यातलं काहीच नाही. त्यांना लागते ती भूक लागते, दात तुमच्याआमच्यासारखे, आणि खाऊन झालं की तोंड पुसायला स्वतःचाच शर्ट. या शर्टाबद्दलही आईचं एक मत होतं.

हॉल खऱ्या अर्थानं गप्प झाला तो सली आल्यावर. मार्क रायलन्सनं केलेला हा म्हातारा. टोपीत पीस, बोलणं मऊ, स्वतःचा उल्लेख ‘सली’ असा, जणू तो दुसराच कुणी. ज्यांना ज्यांना खाल्लं त्यांच्या केसांची वेणी घालत घालत त्यानं भलामोठा दोर केलाय, तो तो कौतुकानं उलगडून दाखवतो. खाणाऱ्याला खाणारा वासावरून ओळखतो, तसा त्यानं मॅरेनला वासानंच हेरलेलं. एका घरात वरच्या मजल्यावर एक म्हातारी मरायला टेकलीय आणि हा खाली थांबून आहे. स्वतः मारत नाही. आईला पहिल्यांदा ते आवडलं. “वाट बघतोय, म्हणजे रीतभात आहे.” मग तो मॅरेनशी गोड बोलायला लागला. आपण किती एकटे, आपलं किती जमेल. ती निसटून गेली तरी राज्य ओलांडून तो तिच्या मागावर हजर, टोपी सारखी करत, पुन्हा तितकाच नम्र. त्यानं कुणाला हातही लावला नव्हता त्या प्रसंगात. तरी पुढच्या मुलींची कुजबुज बंद झाली. शेजारच्या आजींनी पर्स मांडीवर घेतली. आई म्हणाली, “हा बरा नव्हे.” एवढंच, त्यावर विनोद नाही, काही नाही. असा एक सलगी करणारा मऊ माणूस त्या हॉलमधल्या प्रत्येक बाईला कुठंतरी भेटलेला होता. नरभक्षक कुणालाच भेटला नव्हता.

काळ्या टीशर्टांना मात्र सली कंटाळवाणा वाटला. “हा नुसता बोलतोच,” अशी तक्रार मी मागून ऐकली.

मग शेकोटीचा प्रसंग. जेक नावाचा एक राकट इसम (मायकल स्टुलबर्ग, आत शर्ट न घालता डांगरी घातलेला) या दोघांना ज्ञान देतो, की खरी दीक्षा हाडांसकट खाल्ल्यावर मिळते. एकदा आख्खा माणूस संपवला, मागे काही उरवलं नाही, की तुम्ही पुन्हा पूर्वीसारखे राहत नाही. सिनेमाचं नाव इथून आलं. हॉलमध्ये शहारे, एक मुलगी तोंड दाबून बाहेर गेली. आमच्याकडे वेगळीच कळ दाबली गेली होती. लहानपणी रविवारी मटणाच्या पंगतीत आई पानांवरून नजर फिरवायची, आणि ज्याच्या पानात नळी न चोखता पडलेली दिसेल त्याचा उद्धार व्हायचा. “पानात काही टाकायचं नाही” हे आमच्या घरातलं पहिलं आणि शेवटचं शास्त्र. आई आता प्रथमच पडद्याकडे आदरानं बघत होती. “बरोबर बोलतोय,” ती म्हणाली, “नळीतच तर सगळं असतंय.”

प्रेक्षकांचं औदार्य आटलं ते जत्रेतल्या माणसाच्या वेळी. ली त्याला मक्याच्या शेतात नेतो आणि संपवतो. तोवर हॉल या दोघांच्या बाजूनं होता. खाल्लेली माणसं उर्मट होती, दारुडी होती, त्यांच्या जाण्यानं कुणाचं अडलं नव्हतं. मग ही दोघं त्याच्या घरी पोचतात, आणि तिथं त्याची बायको आणि तान्हं मूल. मला सिनेमातला हा सर्वांत चांगला भाग वाटला. काही नवीन दाखवत नाहीत, फक्त खाल्लेल्या माणसाला पत्ता मिळतो. शॅलमेच्या मुलीही तेव्हा उसासल्या नाहीत. आजोबांनी नंबरप्लेटचा विषय सोडला. खरं सांगायचं तर यानंतर सिनेमा थोडा लांबतो. आयुष्य सुरळीत करायचा त्यांचा प्रयत्न सुंदर टिपलाय, पण दिग्दर्शकाला सूर्यास्त फार आवडतात.

बाहेर आल्यावर सांगलीकर थांबला होता. इथं एमएस करतो म्हणाला. त्यानं सगळी माहिती वाचून ठेवली होती. मूळ कादंबरी कमिल डिअँजेलिस या लेखिकेची, २०१५ सालची, आणि ती बाई स्वतः व्हीगन.

“म्हणजे?” आईनं विचारलं.

“मांस नाही, अंडं नाही, दूधसुद्धा नाही, काकू.”

“दूध पीत नाही आणि हे लिहिते?” आईनं क्षणभर विचार केला. “बरोबर आहे. उपाशी माणसालाच असलं सुचणार.”

त्यानं आणखी सांगितलं, की शूटिंगच्या वेळचं ते मांस म्हणजे पाकातल्या चेरी, डार्क चॉकलेट आणि फळांच्या वड्या. आई जागच्या जागी थांबली. सिनेमाबद्दल तिची पहिली खरी निराशा इथं झाली. “म्हणजे उद्या गुरुवारीसुद्धा चाललं असतं की! आणि आम्ही मुद्दाम बुधवार गाठला.”

सिनेमा काही चालला नाही. जगभरात दीड कोटी डॉलरच्या आसपास गल्ला जमला. व्हेनिसच्या टाळ्यांचे पैसे होत नाहीत. थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात घरचं ताट सोडून दुसऱ्याचं खाणं बघायला कोण जाणार, असं माझ्या ऑफिसातली मैत्रीण म्हणाली. गुरुवारी तिच्याकडेच आम्हाला जेवायला बोलावलं होतं. टर्की कापताना तिनं सिनेमाबद्दल विचारलं आणि आईनं सविस्तर उत्तर दिलं, मी भाषांतर केलं, आणि टेबलावरच्या दोघांनी ताटं किंचित पुढे सारली. आईचं स्वतःचं ताट निर्मळ होतं: मका, रताळी, पाव. पहिला मार्गशीर्ष गुरुवार, सकाळी डायनिंग टेबलावर कलश मांडून, कहाणी वाचून आली होती ती. तरी निघताना तिनं विचारून घेतलंच, की त्या हाडांचं आता करणार काय. उद्या सूप करणार, असं कळल्यावर तिला त्या घराबद्दल विश्वास वाटला.

रात्री कोल्हापूरला फोन लागला, तिकडं शुक्रवार उजाडला होता. आईनं मावशीला सिनेमाची गोष्ट सांगितली. शेवटाला सली पुन्हा येतो, मारामारी होते, ली जखमी होतो, इथवर मावशी हं-हं करत ऐकत होती. स्पीकर चालू होता.

“मग शेवट काय?”

“तो मरायला टेकतोय आणि तिला म्हणतोय, मला खा.”

“अगंबाई! खाल्लं तिनं?”

“आधी नको-नको म्हणाली. त्यानंच लई आग्रह केला.”

“आग्रह केल्यावर काय करणार पोरगी,” मावशी म्हणाली. “काही टाकलं तर नाही ना पानात?”

“नाही. हाडांसकट.”

“वळण आहे म्हणायचं. करते काय?”

“पुस्तकांच्या दुकानात कामाला होती.”

मावशी जरा वेळ काही बोलली नाही. मग तिनं विचारलं, “उंची कितपत असेल गं?”