ऑक्टेनदादा

खारघरच्या बेलपाड्याला मेट्रो मिळाली 17 नोव्हेंबर 2023 रोजी, पण ऑक्टेनदादा अजून तिच्यात चढलेला नाही. "लायटीवर चालनारी गारी. तिला कॉम्प्रेशन हाय का?" एवढाच त्याचा आक्षेप. सिडकोने वडिलांची जमीन घेतली, बदल्यात साडेबारा टक्क्यांचा प्लॉट आला, प्लॉटवर इमारत उभी राहिली, आणि भाड्याच्या कृपेने दादाच्या यामाहा आरएक्स 100 ला पूर्णवेळ मालक लाभला. ही गाडी 1996 साली बनायची बंद झाली. दादा मात्र चालू आहे.

असा एखादा दादा खारघर-पनवेलच्या प्रत्येक पाड्यात असतोच. पेट्रोल पंपावर तो आधी तुमचं नोझल बघतो, मग तोंड. "कंचा टाकलास? साधा?" यातला 'साधा' असा उच्चारतो, की आपण टाकीत रॉकेल ओतताना सापडलो असं वाटावं. स्वतः 100 ऑक्टेनचं भरतो आणि बिल मोठ्याने वाचतो.

खरं तर ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. सिलिंडरमध्ये दाबलेलं पेट्रोल ठिणगीची ज्योत आपल्यापर्यंत पोचेस्तोवर किती धीर धरतं, त्याचं ते माप. धीर सुटला की ते आपलं आपणच भडकतं, इंजिन खडखडतं, पिस्टनच्या डोक्याला खड्डे पडतात. इंजिनाच्या हेडला हात न लावलेल्या आरएक्सला 91 पुरतं. हे दादाला सांगून बघा. ज्योत पोचायच्या आत पेटतो. त्याचा स्वतःचा ऑक्टेन फार तर 60.

मध्यंतरी कोणीतरी त्याला उभ्याने चालवायच्या जेट स्कीचे व्हिडिओ दाखवले. यामाहाची सुपरजेट, 1990 पासूनची, टू-स्ट्रोक. (2021 मध्ये तीही फोर-स्ट्रोक झाली, हे कळल्यावर दादा दोन वेळा जेवला नाही.) लगेच बेत ठरला: जुनी मिळवायची, हेड लेथवर घासायचं, कॉम्प्रेशन 200 पीएसआय करायचं. "आनि पेट्रोल? अमेरिकेवाले 91 टाकतान. आपला पन 91च!"

शंभरावरून थेट 91 वर? इथे मला गप्प बसवेना. अमेरिकेतल्या पंपावरचा आकडा दोन चाचण्यांची सरासरी असते. आपला आकडा त्यांतल्या सौम्य चाचणीचा. त्यांचं 91 म्हणजे आपलं 95-96. पंपावरच्या चांगल्या पेट्रोलवर जाणकार 180 च्या आसपास थांबतात, 200 ला शर्यतीचं पेट्रोल लागतं. त्यातही गेज कुठल्या गावात लावला ते बघावं लागतं. दीड हजार मीटर उंचीवर हवेचा दाब सहाव्या हिश्शाने कमी. तिथे 150 दाखवणारं इंजिन समुद्रकाठी 180 दाखवतं.

"मंग? बेलपारा काय डोंगरावर हाय?" दादा विजयी मुद्रेने म्हणाला. नेमकं तेच तर मी सांगत होतो.

शेवटी जेट स्की भेटली ती अलिबागजवळच्या नागावच्या किनाऱ्यावर, आणि तीही बसून चालवायची. "कॉम्प्रेशन किती?" दादाने विचारलं. "पैसे आधी," पोरगा म्हणाला. दादा लाइफ जॅकेट आवळून मागे बसला आणि फेरीभर त्याच्या कानात ओरडत राहिला: रस्त्यावर उतार लागला की इंजिनाला उसंत मिळते, पाण्यात पंप सतत ओढत असतो, म्हणून समुद्रात हेड जपून घासावं. हे मात्र शंभर टक्के खरं. तेवढ्यात इंजिनाचा आवाज चढला आणि वेग पडला. "बंद कर! बंद कर! पानी घेत नाय ती!" दादा किंचाळला. पोराने बंद केली, पाण्यात उतरून खालच्या जाळीत हात घातला. प्लॅस्टिकची पिशवी निघाली. पंपाला पाणी नाही, म्हणजे इंजिनाला थंडावाही नाही; आणखी जरा वेळ ताणली असती, तर पोराचा हंगाम बुडाला असता.

किनाऱ्याला लागल्या लागल्या दादाने फेरीचे अर्धे पैसे परत मागितले. मेकॅनिकची मजुरी म्हणून.