बोरघाटातील तहकुबी

सर जॉन माल्कम यांच्या गव्हर्नरकीच्या अमदानीत, १८३० साली, बोरघाटाचा गाडीरस्ता रहदारीस खुला झाला, आणि तेव्हापासून बैलगाडीपासून एस. टी.पर्यंत सर्व वाहने तो यथाशक्ती चढत आली. परंतु खोपोली मागे टाकून पहिल्या वळणास लागताच आमच्या सेवानिवृत्त मामलेदार स्नेह्यांची जुनी फोक्सवॅगन बीटल असा काही विचार करू लागली, की घाट चढणे कितपत इष्ट, याविषयी तिच्या मनात तात्त्विक शंका असाव्यात.

लक्षण असे, की सपाटीवर एका लयीत चालणारी ही सुशील गाडी, चढावर मामलेदारसाहेबांनी ॲक्सिलरेटर दाबताच, वरिष्ठांचा हुकूम हाती पडल्यावर कारकुनाने आधी पानाचा डबा उघडावा त्याप्रमाणे क्षणभर स्तब्ध होई, दोन झटके देई, आणि मागच्या ट्रकवाल्याने आमच्या पूर्वजांचा यथासांग उल्लेख केल्यावरच पुढे सरके.

शिंग्रोबाच्या देवळापाशी गाडी बाजूला घेतली. इंग्रजांना या घाटाची वाट दाखविणाऱ्या धनगराचे हे स्थान, अशी आख्यायिका आहे, आणि येथे नाणे टाकल्यावाचून जाणारा चालक विरळा. आम्हीही नाणे टाकले. इतक्यात एक परोपकारी ट्रकवाला पाण्याचा डबा घेऊन धावत आला.

"तापली असंल साहेब. पाणी टाका."

पुढचे झाकण उघडले, तो आत पेट्रोलची टाकी आणि आमची वळकटी.

"इंजिन कुठं हाय?"

"मागे."

"आन् रेडिएटर?"

"नाहीच. हिला पाणी लागत नाही. हवेवर थंड होते."

पाणी न पिणाऱ्या यंत्रावर भरवसा कोण ठेवणार? त्याने डबा स्वतःच्या तोंडाला लावला, आणि कॉइल गरम झाली आहे असा फैसला देऊन तो निघून गेला. दुसऱ्याने पेट्रोलमधील भेसळीवर बोट ठेवले, तिसऱ्याने पंपात हवा धरल्याचे सांगितले. दोन कोटी पंधरा लाखांहून अधिक बीटल तयार होऊन २००३ च्या जुलैत मेक्सिकोतील प्वेब्ला येथे शेवटची बाहेर पडली. तिच्या दुखण्यांविषयीच्या मतांचे उत्पादन मात्र अद्याप बंद झालेले नाही.

मामलेदारसाहेबांची हयात तपासाच्या कामात गेलेली. त्यांनी प्रथम पट्टा दाबून पाहिला, कारण डायनॅमो व थंडाव्याचा पंखा एकाच पट्ट्यावर फिरतात. मग प्लग काढले. रंग तपकिरी, म्हणजे निर्दोष. पॉइंटचे अंतर फीलर गेजने मोजले, बरोबर ०.४ मिलिमीटर. डिस्ट्रिब्यूटरची व्हॅक्यूमची नळीही शाबूत. शेवटी एअर क्लीनर उतरवून, इंजिन बंद ठेवून, त्यांनी कार्बोरेटरच्या घशात नजर लावली आणि थ्रॉटलचा दांडा हाताने ओढला. पितळी नळीच्या तोंडातून पेट्रोलची बारीक, ठसठशीत धार उडावयाची. तेथे मोठ्या नाखुशीने एक थेंब ओघळला.

मर्म येथेच होते. थ्रॉटल एकाएकी उघडला की हवा तत्क्षणी आत घुसते, जड पेट्रोल मागे राहते, आणि मधल्या त्या क्षणाची तूट भरून काढण्याकरिता कार्बोरेटरातील छोटा पंप ही पिचकारी मारतो. नळीत कचरा बसल्याने पंपाचा सारा खटाटोप व्यर्थ जात होता. वायरीतील तांब्याची एक तार आणि पुजाऱ्याच्या सायकलचा पंप एवढ्या सामग्रीवर नळी मोकळी झाली, धार उडाली, आणि गाडी एकही झटका न देता खंडाळ्यास पोहोचली. मामलेदारसाहेबांनी याचे श्रेय निम्मे तारेस व निम्मे शिंग्रोबास दिले. न्यायदानात कोणालाही नाराज न करण्याची त्यांची जुनी सवय आहे.

जुनी बीटल बाळगणाऱ्या सज्जनांस विनंती एवढीच, की नवी कॉइल, नवे प्लग आणि रस्त्यावरची फुकट मते पदरात घेण्यापूर्वी, इंजिन बंद करून व विडीकाडी दूर ठेवून, एकदा कार्बोरेटरच्या घशात डोकावावे. धार उडत नसेल, तर पुढील साक्षीपुरावा घेण्याचे प्रयोजन उरत नाही.