पालखी आडवी, फोन उभा

पालखी ही मुळातच आडवी वस्तू. पुढे भोई, मागे भोई, मधे दांडा, दांड्याखाली देवी आणि दोन्ही बाजूंना खांदा द्यायला टपलेली पोरे. उभ्या चौकटीत तिला बसवायचे तर पुढचे भोई ठेवा, नाहीतर मागचे. नेमका मधला भाग ठेवला तर देवी कुणाच्याच खांद्यावर नाही, आपली आपण हवेतून निघाली आहे, असे दिसते. देवीचे त्यावर काही म्हणणे नसावे. भोयांच्या घरच्यांचे मात्र असते, आणि ते रात्री साडेदहानंतर फोनवर ऐकावे लागते.

पोलादपूरहून उमरठकडे निघाले की वाटेत आमचे कापडे लागते. तिथल्या शिमग्याचे चित्रण गावातली हौशी मंडळी करतात, आणि कॅमेरा आडवा धरतात. त्यांचेही बरोबर आहे. खालू बाजा, मागे पालखी, त्यामागे गाव आणि या सगळ्यांच्या मागे सह्याद्रीची लांबच लांब रांग. आडवे धरल्याशिवाय मावणार कसे? पण हे बघणारे निम्मे गाव मुंबईत. लोकलमध्ये एक हात वरच्या कडीला, दुसऱ्या हातात फोन. त्याला ‘फोन आडवा कर’ म्हणणे म्हणजे कडी सोड म्हणणे. शिवाय 2020 च्या जूनमध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि जुलैत इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणल्या, तेव्हापासून उभ्या चित्राची सवय आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांनाच झाली आहे. तेव्हा ‘उभं करून टाक’ असा गावच्या मंडळाचा हुकूम सुटला आणि घरात कॉम्प्युटर आहे एवढ्या पात्रतेवर काम माझ्याकडे आले.

हिशेब साधा आहे, पण निर्दयी आहे. आडवे चित्र 1920 बाय 1080 ठिपक्यांचे. त्याच्या पूर्ण उंचीतून 9:16 ची उभी पट्टी कापली तर रुंदी उरते जेमतेम 608. म्हणजे चित्राचा एक तृतीयांशही हाती लागत नाही. दोन भाग शिमगा कातरीखाली जातो. उरलेली पट्टी उभा पडदा भरेपर्यंत पावणेदोन पटींहून जास्त ताणायची, त्यात भोयांच्या मिशा पुसट होतात. मग बाजा डावीकडून उजवीकडे चालला की की-फ्रेम टाकत टाकत चौकट त्याच्या मागे सरकवायची. घाई केली, तर आंबेनळी घाटात गाडी लागावी तशी बघणाऱ्याला घरबसल्या गाडी लागते.

यावर यंत्राचा उतारा आहे. 2019 मध्ये प्रीमियर प्रो या व्हिडिओ संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘ऑटो रीफ्रेम’ आले, दाविंची रिझॉल्व्हच्या विकतच्या आवृत्तीत ‘स्मार्ट रीफ्रेम’ आहे. चित्रात महत्त्वाचे काय ते ओळखून चौकट आपोआप त्याच्या मागे न्यायची, हे त्यांचे काम. मी एका फुकटच्या ॲपवर भागवले. त्याने पालखीकडे ढुंकूनही पाहिले नाही. कॅमेऱ्याच्या अगदी पुढ्यात एक गृहस्थ कानाला फोन लावून, हातवारे करत बोलत होते. ॲपला तेच उत्सवमूर्ती वाटले. देवी त्यांच्या कानामागून आली आणि गेली. बोलणे संपेपर्यंत चौकट तसूभर हलली नाही. त्यांच्या घरी ही रील फारच आवडली.

खरी गोम इथेच आहे. यंत्राला एक कुणीतरी मुख्य लागतो, आणि गावच्या उत्सवात मुख्य कोण, हे ठरवायला गेलेला माणूस पुन्हा गावात तोंड दाखवू शकत नाही. पालखी दारात आली म्हणून चौकट मी पालखीवर ठेवली, तर आत्याचा फोन. “अरे, माझं आरतीचं ताट दिसतंय, हातातल्या बांगड्यापण दिसतायत. मी कुठं हाय?” आत्या कडेला होती. कडेला आत्या, शेजारच्या वहिनी, पडवीत बसून ढोलाच्या ठेक्यावर मान हलवणारे आबा. सगळे 608 च्या बाहेर. जाखडीचे बरे असते. गाणारे मधे आणि नाचणारे त्यांच्याभोवती गोल. चौकट मधोमध ठेवून स्वस्थ बसावे. एकेक जण उजवीकडून येतो, आपल्या वाट्याचे नाचतो आणि डावीकडून जातो. तक्रारीला जागाच नाही.

पडद्याची ही भांडणे जुनीच. गुरुदत्तने 1959 मध्ये ‘कागज के फूल’ हा देशातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट काढला. पुढे अशा रुंद चित्रपटांना टीव्हीच्या चौकोनी पेटीत कोंबताना जगभर कडा छाटल्या गेल्या. दोन टोकांना उभे राहून बोलणाऱ्या नायक-नायिकेतले कधी एकच दिसे, तर कधी दोन नाके आणि मधे फुलदाणी. उलट बाजूचे वकीलही होतेच. रशियाच्या आयझेनस्टाइनने 1930 मध्ये हॉलिवूडला जाऊन सांगितले, की पडदा चौरस करा, म्हणजे उभ्या गोष्टींनाही न्याय मिळेल.

तो महाडच्या विरेश्वराच्या छबिन्याला यायला हवा होता. तिथे गावोगावच्या पालख्या येतात आणि सोबत उंचच उंच सासनकाठ्याही. काठीला उभाच फोन हवा. आडव्यात तिचा शेंडा तरी जातो, नाहीतर ती नाचवणारा तरी. उमरठला तानाजी मालुसऱ्यांचा पुतळाही उभ्या चौकटीत शोभतो, आणि पावसाळ्यात डोंगरावरून उतरणारे धबधबेही. तेव्हा उभ्या आकाराशी माझे वैर नाही. पालखीला मात्र तो मानवत नाही.

शेवटी मी चित्र आख्खेच ठेवले. उभ्या पडद्याच्या मधोमध आडवी पट्टी: चारी भोई, देवी, आत्या बांगड्यांसकट, डोंगर. आता वर आणि खाली मिळून दोन तृतीयांश पडदा रिकामा. तिथे त्याच चित्राची धूसर छाया भरायची पद्धत आहे, तशी मी भरली आणि मंडळाच्या खजिनदारांना मंजुरीसाठी पाठवली. मला वाटले, ‘एवढी जागा वाया का घालवलीस’ म्हणतील. त्यांचा लगेच फोन आला, आवाजात आनंद मावत नव्हता.

“झकास! वर मंडळाचं नाव टाक, खाली देणगीदार. आणि हे बघ, अध्यक्षांचा फोटो पालखीपेक्षा मोठा नको, सारखाच ठेव.”