बसतो, बसेल आणि बसवून देऊ

जुन्या मोटारीच्या वातानुकूलन यंत्रणेतील कॉम्प्रेसर निकामी झाल्यावर त्याच्या जागी योग्य कॉम्प्रेसर कसा शोधावा, या प्रश्नाचा नाशिकच्या संदर्भात विचार करू लागल्यास पहिली अडचण येते ती यंत्रशास्त्राची नसून व्याकरणाची असते. सुट्या भागांच्या दुकानात ‘हा या गाडीला चालेल का?’ असे विचारले असता ‘बसतो’, ‘बसेल’ आणि ‘बसवून देऊ’ अशी तीन प्रकारची उत्तरे मिळतात, आणि त्यांपैकी पहिल्यात अनुभव, दुसऱ्यात श्रद्धा व तिसऱ्यात वेल्डिंग अभिप्रेत असते. मोरो केशव दामले यांच्या १९११ सालच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त प्रयोजक क्रियापदांचा विचार आला असला, तरी प्रयोजक रूप हे मूळ रूपापेक्षा नेहमीच महाग पडते, हा नियम नोंदवायचे काम पुढच्या पिढ्यांवर राहिले.

कॉम्प्रेसर म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा आणि शीतक वायू दाबून पुढे ढकलणारा पंप होय. दाबल्यामुळे तापलेला हा वायू रेडिएटरपुढच्या कंडेन्सरमध्ये उष्णता टाकून द्रव होतो, आणि डॅशबोर्डमागे एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून सुटताच गार होतो. बाजारात या सर्व अवस्थांना मिळून ‘गॅस’ असा एकच शब्द आहे, आणि गाडी गार होत नसल्याची तक्रार ऐकल्यावर ‘गॅस भरून बघू’ हे वाक्य ज्या तत्परतेने उच्चारले जाते, ती तत्परता इतर व्यवसायांत क्वचितच आढळते.

नाशिककरांच्या दृष्टीने या विषयाचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे लोगन. रेनॉने रुमानियातील दाचिया कंपनीसाठी आखलेली आणि २००४ मध्ये तिकडे प्रथम विकली गेलेली ही मोटार, महिंद्र व रेनॉ यांच्या ५१ आणि ४९ टक्के भागीदारीतून २००७ पासून नाशिकच्याच कारखान्यात तयार होऊ लागली. २०१० मध्ये रेनॉने भागीदारी सोडली आणि २०११ मध्ये त्याच मोटारीचे ‘व्हेरिटो’ असे नामकरण झाले. म्हणजे आजोळ रुमानियाचे, घराणे फ्रेंच, जन्म नाशिकचा आणि आईवडिलांच्या फारकतीनंतर बदललेले नाव, असा हा वंशवृक्ष आहे. त्यामुळे दुकानदाराने ‘गाडी कोणती?’ असे विचारल्यावर मालकाला सरळ उत्तर देता येत नाही, आणि जी गाडी सातपूरला जन्मली तिच्या पोटातल्या एका भागासाठी कुर्ल्यापर्यंत जावे लागते, तेव्हा काखेत कळसा आणि गावाला वळसा या म्हणीचा प्रत्यय किलोमीटरमध्ये मोजता येतो.

मात्र शोधाला निघण्यापूर्वी कॉम्प्रेसर खरोखर गेला आहे काय, याची खात्री करून घेणे आवश्यक असते. रामकुंडावर उत्तरक्रियेसाठी दूरदूरचे लोक येतात अशा या शहरात तरी जिवंताचा दहावा घातला जाऊ नये, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही. कॉम्प्रेसरच्या पुढच्या टोकाला विद्युतचुंबकी क्लच असतो, आणि एसीचे बटण दाबताच त्याची चकती ‘टक्’ असा आवाज करून फिरत्या पुलीला चिकटते. गॅस कमी असला तर दाब पाहणारा स्विच हा क्लच लागूच देत नाही, रिले बिघडला किंवा क्लचची कॉइल जळली तरी तेच होते, आणि या तिन्ही प्रसंगी बिचारा कॉम्प्रेसर ठणठणीत असतो. इंजिन बंद करून पुलीच्या पुढची चकती हाताने फिरवून पाहावी. ती थोडा विरोध करीत फिरली तर जीव आहे, आणि मुळीच हलली नाही तर पुढील विधीस हरकत नाही.

यानंतर कॉम्प्रेसरवरचा मजकूर वाचावा लागतो, आणि तेथे पुराभिलेखविद्येचा प्रांत सुरू होतो. पांडवलेण्यांतील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा ब्राह्मी लिपीतला प्राकृत लेख आहे. वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षात, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात कोरलेला हा लेख अभ्यासकांना आजही वाचता येतो. त्याच डोंगराजवळून जाणाऱ्या महामार्गावर धावलेल्या मोटारीच्या कॉम्प्रेसरवरील लेख मात्र पंधरा वर्षांत नष्टप्राय होतो, याचे कारण इतकेच की सातवाहनांनी दगड निवडला आणि कॉम्प्रेसरवाल्यांनी स्टिकर. असा झिजलेला लेख वाचण्याची पद्धत दोन्ही शास्त्रांत जवळपास सारखीच असून, प्रकाश समोरून न टाकता तिरपा टाकावा लागतो. फरक आहे तो सफाईचा, कारण उत्साही मदतनीस रॉकेलचा बोळा फिरवतो तेव्हा मळाबरोबर मजकूरही निघून जातो, आणि मग तीन, आठ व इंग्रजी ‘बी’ यांतले नेमके कोणते अक्षर तेथे होते यावर गॅरेजात विद्वानांचे दोन पक्ष पडतात.

पाठ निश्चित झाल्यास त्यातून बरेच कळते. उदाहरणार्थ ‘एसडी ७एच१५’ या सर्वत्र आढळणाऱ्या नावातील ७ हा आकडा सिलिंडरांचा आहे, आणि १५ हा एका फेरीत दाबल्या जाणाऱ्या सुमारे १५५ घनसेंटिमीटर वायूचा संक्षेप आहे. ‘१२ व्ही’ ही अक्षरेही दुर्लक्षिण्याजोगी नाहीत, कारण मोठ्या ट्रकांची वीज २४ व्होल्टची असते आणि ट्रकची कॉइल मोटारीला लावली तर क्लच ऐनवेळी पकड सोडतो.

लेख पूर्णपणे पुसला गेला असेल, तर चेहरेपट्टीवरून ओळख पटवावी लागते. ज्या छिद्रांतून बोल्ट जाऊन कॉम्प्रेसर इंजिनाला आवळला जातो ते त्याचे कान, पाठीमागे जेथे पाइप जोडले जातात ती त्याची तोंडे आणि पुलीतून पुढे येणारा दांडा हे त्याचे नाक, असे म्हणावयास हरकत नसावी. शिवाय या नाकातील सील झिजून तेल गळू लागणे हा म्हाताऱ्या कॉम्प्रेसरचा नेहमीचा विकार असल्याने, शूर्पणखेच्या नासिकेवरून नाव पडल्याचे सांगितले जाणाऱ्या नगरीत तरी ही संज्ञा रुजायला हवी. कान जुळले तरी पुली जुळेलच असे नाही. ‘६ पीके’ पट्ट्याला सहा शिरा असतात आणि दोन शिरांमधले अंतर ३.५६ मिलिमीटर असते. पुली एवढ्याच अंतराने पुढेमागे बसली, तरी पट्टा एक खाच सोडून पळू लागतो आणि आठवडाभरात त्याच्या दोऱ्या निघतात.

भाऊबंदकीचा सिद्धान्त पुढे येतो तो याच टप्प्यावर. लोगनचे दीड लिटरचे डिझेल इंजिन पुढे २०१२ मध्ये भारतात आलेल्या रेनॉच्या डस्टरमध्येही होते, तेव्हा इंजिन एक म्हणजे कॉम्प्रेसरही एक, असा युक्तिवाद केला जातो. तो ऐकायला बिनतोड वाटतो. परंतु एकाच इंजिनाभोवती दोन गाड्यांत ब्रॅकेट आणि पाइपांचे मार्ग निराळे असू शकतात, आणि सख्ख्या चुलतभावाचा चष्मा लावून कोणी वाचत नाही. प्रस्तुत लेखाचे मत असे की जो विक्रेता जुना कॉम्प्रेसर हातात घेतल्यावाचून ‘बसतो’ म्हणतो, त्याचे ‘बसतो’ हे ‘बसेल’ असे वाचावे.

म्हणूनच अनुभवी मालक गाडीचे नाव सांगत न बसता जुना कॉम्प्रेसरच पिशवीत घालून नेतात. पाचसहा किलोंची ही तेलकट वस्तू घेऊन सकाळी पंचवटी एक्सप्रेसमध्ये शिरणाऱ्या गृहस्थाला पासधारकांच्या शिस्तप्रिय डब्यात जे स्वागत लाभते, त्याचे वर्णन टाळलेले बरे. पण कल्याणला किंवा दादरला उतरून लोकलने कुर्ल्याच्या भंगारबाजारात पोहोचल्यावर जुना आणि नवा शेजारी ठेवून कानास कान व तोंडास तोंड लावून पाहता येते, ही सोय नाशकात द्वारकेपासून अंबडपर्यंत फोन करून मिळत नाही. तेथील मालाच्या तोंडांना टोप्या असाव्यात. टोपी काढून आत बोट फिरवावे आणि पांढऱ्या कागदावर पुसावे. कागदावर चांदीसारखी चमकणारी भुकटी दिसली, तर भाव न विचारता पुढच्या दुकानाकडे वळावे. आपला जुना कॉम्प्रेसर घासून बंद पडला असेल, तर हीच भुकटी गाडीच्या पाइपांतही पसरलेली असते, आणि पाइप न धुता व ड्रायर, म्हणजे ओल शोषणारा डबा, न बदलता बसवलेला नवा कॉम्प्रेसर जुन्याच्याच वाटेने जातो.

राहिला प्रश्न तो बसवण्याच्या मुहूर्ताचा. ‘आर १३४ए’ या शीतक वायूबरोबर कॉम्प्रेसरमध्ये वापरले जाणारे पॅग तेल हवेतली ओल झपाट्याने शोषून घेते, त्यामुळे पावसाळ्यात या तेलाचा डबा उघडा ठेवणे म्हणजे मीठ उघडे ठेवण्यासारखेच असते. एप्रिल-मेमध्ये हवा कोरडी असली तरी एसीवाल्यापुढची रांग ओसरत नाही. म्हणजे कोरडी हवा आणि रिकामा मिस्त्री हे दोन्ही योग एकत्र येतात ते डिसेंबर-जानेवारीत. त्या दिवसांत गाडीतला गारवा नव्या कॉम्प्रेसरचा की निफाडकडून आलेल्या थंडीचा, हे हात लावून सांगता येत नाही. तेव्हा मिस्त्रीला दाब मोजणारे गेज लावायला सांगावे आणि कानटोपी न काढता दोन्ही काटे स्वतः पाहावेत.