एका ब्रशासाठी अडलंय

फ्लेक्सच्या दुकानात ब्रशभाऊ लगेच ओळखू येतो. साहेबांचा फोटो 'जरा उजळ करा' म्हटलं की बाकीचे डिझायनर मुकाट्यानं उजळ करतात. हा मात्र स्क्रीनपासून मान मागे घेतो, एक डोळा बारीक करतो आणि म्हणतो, "भाऊ, रफ करू का जरा? गालावर शाईचा एक फटका, डोळ्याखाली गच्च काळोख. लई जबरी दिसंल." कार्यकर्ता हादरतो. फ्लेक्स वाढदिवसाचा आहे, श्रद्धांजलीचा नाही, याची आठवण करून देतो. मग ब्रशभाऊ साहेबांना गुलाबी करतो, मागे सूर्य उगवतो, खाली शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांची रांग लावतो आणि बिल फाडतो. हे झालं पोट. जीव दुसऱ्या फोल्डरात आहे.

त्याला रझाकारांच्या काळावर चित्रकथा काढायची आहे. विषय अस्सल आणि घरचा. हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यात, परभणी जिल्ह्यात. पैनगंगा ओलांडली की वऱ्हाड, म्हणजे स्वतंत्र हिंदुस्थान. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद शरण येईपर्यंत या काठावरची माणसं त्या काठावर आसऱ्याला जात. आज्यानं सांगितलेलं सगळं ब्रशभाऊला तोंडपाठ आहे. रंग नकोत, निव्वळ काळं-पांढरं हवं. रेघ खरबरीत, फाटकी, शाई सांडल्यासारखी. पहिलं चित्रही ठरलंय: अमावास्येची रात्र, नदी, आणि कमरेएवढ्या पाण्यात डोक्यावर गाठोडं घेतलेला माणूस. कित्येक वर्षं झाली, तो माणूस पाण्यातच उभा आहे. त्याला पैलतीराला नेईल असा ब्रश अजून मिळालेला नाही.

मिळालेले ब्रश किती, ते विचारू नये. विचारलंच तर दुपार मोकळी ठेवून विचारावं. सुकलेल्या शाईचा, केस विस्कटलेल्या कुंचल्याचा, बोथट निबचा, फुटक्या निबचा, ओल्या कागदावर पसरणारा, शिंतोड्यांचा, बारीक शिंतोड्यांचा. शिंतोड्यांच्या ब्रशाला त्यानं रोख पैसे मोजलेत. एका बोटानं टूथब्रशाचे केस मागे ओढून कागदावर शाई उडवायची आणि मध्ये ठेवलेलं पान उचलून घ्यायचं, हा उद्योग प्राथमिक शाळेत आपण सगळ्यांनी केलेला आहे, आणि त्याबद्दल आयांची बोलणीही खाल्लेली आहेत. तेच शिंतोडे विकणारा माणूस परदेशात बंगला बांधत असेल, असा मला दाट संशय आहे.

बरं, ब्रश मिळाला म्हणजे चालला असंही नाही. दुकानातल्या संगणकावर फोटोशॉप सेव्हन आहे, २००२ सालचं. मालकाला ते पुरतं. साहेब त्यातही गुलाबी होतात. पण नवे ब्रश त्यात उघडत नाहीत. काइल वेबस्टर नावाच्या अमेरिकन चित्रकाराचे शाईचे ब्रश नामांकित. ते २०१७ मध्ये अ‍ॅडोबीनं विकत घेतले आणि आपल्या वर्गणीदारांना देऊन टाकले. वर्गणीचं नाव काढलं की मालकाला काम आठवतं. प्रोक्रिएट हवं तर आयपॅड लागतो, आणि आयपॅडची किंमत ऐकून घरचे हळदीचा भाव सांगतात. जपानी क्लिप स्टुडिओत चित्रकारच एकमेकांना ब्रश देतात, काही फुकट, काही तिथल्याच सोन्याच्या मोबदल्यात. शेवटी राहतं क्रिता. ते पूर्ण फुकट आहे आणि शाईचे चांगले ब्रश त्याच्यासोबतच येतात. तेवढ्यासाठीच ब्रशभाऊचा त्यावर विश्वास नाही. फोटोशॉपचे ब्रश त्यानं क्रितात घालून पाहिले, तर नुसती टोकं आली. दाब दिल्यावर किती जाड व्हायचं, कुठं तुटायचं, किती भरकटायचं, हे सगळं मागेच राहिलं. "नुसतं थोबाड आलं काका, स्वभाव आलाच नाही," असं तो मला म्हणाला, तेव्हा मला त्याची खरोखर कीव आली.

त्याची मुख्य तक्रार हातापेक्षा रेघेबद्दल असते. "लाइन लई गुळगुळीत यायलीय." पेन-टॅबलेट दाबाच्या ८१९२ पायऱ्या ओळखतो, त्यातल्या तीनेक ब्रशभाऊच्या हाताला ठाऊक आहेत. रेघ थरथरते म्हणून तो स्टॅबिलायझर लावतो. थरथर जाते, रेघ तेल लावल्यासारखी होते. मग जिवंतपणा गेला म्हणून तो थरथर आणणारा ब्रश शोधायला लागतो. आमच्या औंढ्याजवळ लायगो ही गुरुत्वलहरींची वेधशाळा उभी राहणार आहे. केंद्रानं २०२३ मध्ये तिला २६०० कोटी मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्यांतून ती विश्वाच्या कोपऱ्यातून आलेली, प्रोटॉनहूनही बारीक थरथर मोजणार. ती चालू झाली की आपल्या मनगटातून निघून गेलेली थरथर नेमकी कुठं गेली, हे तिथं कळेल अशी ब्रशभाऊला आशा आहे.

अभ्यास मात्र दांडगा. फ्रँक मिलरनं 'सिन सिटी'त पानभर काळोख ओतून माणूस नुसत्या पांढऱ्या चिरेनं कसा उभा केला, हे तो चहा निवेपर्यंत सांगतो. अर्जेंटिनाचा अल्बर्तो ब्रेसिया दाढीच्या ब्लेडनं शाई ओढायचा, हे कळल्यापासून तो ब्लेडचा ब्रश शोधतो आहे. दुकानाच्या खालीच सलून आहे. पण त्याला ब्लेड नकोय, ब्लेडचा ब्रश हवाय. मराठी मुलुखाबद्दलही त्याचे प्रश्न नेमके असतात. १९६० साली 'मार्मिक' निघालं तेव्हा बाळासाहेबांच्या हातात कितव्या नंबरचा कुंचला होता? लक्ष्मण रेघेच्या शेवटी मनगट उचलत की कोपर? दांडेकरांनी १९३१ मध्ये शाईच्या पुड्यांपासून जो धंदा सुरू केला, त्याच कॅमलची काळी शाई आजही कोपऱ्यावरच्या स्टेशनरीत मिळते, हे सांगितलं तर तो "हो, माहितीय" म्हणतो आणि स्क्रीनकडे वळतो.

हा माणूस एकट्या हिंगोलीचा नाही. तानपुऱ्याची तार बदलण्यात मैफल घालवणारे पुण्यात आहेत, नवी लेन्स आल्याशिवाय पक्षी न बघणारे नागपुरात आहेत. पण त्यांना निदान वस्तू हाती लागते.

घरात त्याचे चुलते आहेत, सगळ्या गावाचे पेंटर काका. दुकानांच्या पाट्या, शाळांच्या भिंतींवरचे सुविचार, ट्रॅक्टरच्या मागचं 'आईचा आशीर्वाद' हे सगळं त्यांचं. फ्लेक्स आला आणि काकांचं काम बसलं. ते बसवणारा पुतण्या एकाच ताटात जेवतो, म्हणून घरात तो विषय निघत नाही. माझ्यासकट सगळ्यांना वाटलं होतं, काका एक दिवस पोराच्या हातात खराखुरा कुंचला देतील आणि याचं डोकं ताळ्यावर येईल. एका संध्याकाळी पोरानंच काकांच्या हातात पेन दिला. काकांनी रेघ मारली, चुकली. पोरानं दोन कळा दाबून ती पुसली. काका बघतच राहिले. चाळीस वर्षं भिंतीवर चुकलं की चुकलं, 'आशीर्वाद'मधला रफार राहिला की ट्रॅक्टर तसाच शेतात. "पुन्हा पूस बरं," काका म्हणाले. त्या दिवसापासून ब्रश शोधणारे दोघं झाले.

काका अनुभवी, त्यामुळे शोधाला शिस्त आली. बाहेरचे ब्रश बास, घरीच बनवू, असं ठरलं. एका रविवारी स्टेशनरीतून अखेर ती काळी शाई आली. काकांनी झिजलेले कुंचले माळ्यावरून काढले, आणि अंगणात कागदावर कागद काळे झाले: सुक्या कुंचल्याचे ओरखडे, चिंधीचे ठसे, काडीच्या रेघा, शिंतोडे. सगळे ६०० डीपीआयवर स्कॅन करून त्यांचे ब्रश करायचे होते. त्यात शाई संपते का बघायला म्हणून काकांनी एका कागदावर चार फटक्यांत नदी ओढली, वर काळोख दिला आणि मधोमध डोक्यावर ओझं घेतलेला एक माणूस उभा केला.

ब्रशभाऊनं तो कागद उजेडाला धरून बराच वेळ बघितला. मग स्कॅन केला, माणूस कापून बाजूला केला, आणि काठावरचा दोन इंच ओरखडा 'पैनगंगा रफ ०३' या नावानं सेव्ह केला. चांगला चालतो म्हणे. फक्त दाब दिल्यावर थोडा अडखळतो.

तुमच्या माळ्यावर जुना निब, होल्डर, केस झडलेला कुंचला पडला असेल, तर भंगारात घालू नका. दोघं कधीही मागायला येतील. जरूर द्या, फक्त देण्याआधी पहिलं पान दाखवायला सांगा.